बागेतल्या रेल्वेचा सिग्नल खरा कधी होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बागेत ४५ मिलिमीटर गेजचा, साधारण ३० मीटर लांबीचा लूप टाकायचा आहे. एका बाजूला दोन लाइनींचं छोटं स्टेशन आणि एका वेळी दोन गाड्या. सिग्नल ‘अगदी खऱ्यासारखे’ हवेत. कुठले घ्यावेत, किती लागतील आणि एखाद्या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्राम घालून चालवायच्या छोट्या चिपवर) सगळं आपोआप चालेल का?

खऱ्यासारखे दिसणारे सिग्नल हवे असतील तर काम एका दुपारचं आहे. खांब, तीन एलईडी आणि थोड्या थोड्या वेळाने रंग बदलणारं सर्किट, झालं. पहिल्या दिवशी मजा येते. आठवड्याभरात मात्र लक्षात येतं की गाडी लाल दिव्यासमोरून बिनदिक्कत निघून जाते आणि हिरवा लागलाय तिथे पुढे दुसरी गाडी उभीच आहे. मग त्या दिव्यांकडे कोणी बघत नाही, गाडी चालवणाराही नाही. मी पहिली दोन वर्षं हाच उद्योग केला होता.

खऱ्यासारखे वागणारे सिग्नल हवे असतील तर खांब सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. गाडी नेमकी कुठे आहे हे सिग्नलला कसं कळणार? लाल झाल्यावर गाडी कोण थांबवणार, तुम्ही की सर्किट? आणि काही बिघडलं तर ते कुठल्या बाजूला बिघडणार? ‘कुठले घ्यावेत’ याचं उत्तर या तिघांतूनच निघतं.

यातलं बरंचसं तुमच्या इंजिनांवर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. रुळातून वीज घेणारी इंजिनं, बॅटरी आणि रेडिओवर चालणारी इंजिनं, खरोखर वाफेवर चालणारी इंजिनं, या तिन्हींना गाडी ओळखण्याची पद्धत वेगळी लागते. दुसरं म्हणजे तुम्हाला गाड्या आपोआप फिरताना बघत बसायचंय की हातात कंट्रोलर घेऊन सिग्नल पाळत चालवायचंय? वाफेचं इंजिन लाल दिवा बघून आपोआप थांबणार नाही, त्याचा वाफ सोडणारा रेग्युलेटर कोणीतरी बंद करावाच लागतो. तेव्हा मी दोन्ही शक्यता धरून लिहितो, तुम्हाला लागू पडेल ते उचला.

रुळांबद्दल थोडकंच सांगतो. बाजारात ६०० मिलिमीटर त्रिज्येची वळणं मिळतात, त्यावर छोटी गाडी चालतेही, पण लांब डबे तिथे केविलवाणे दिसतात. जागा असेल तर १२०० च्या खाली जाऊ नका. चढ ५० ला १ पेक्षा जास्त नको आणि चढावर थांबायचा सिग्नल तर नकोच, कारण थांबलेली जड गाडी तिथून पुन्हा निघताना चाकं घसरतात. खऱ्या रेल्वेतही ही काळजी घेतात.

एक गोष्ट मात्र सिग्नलवाल्याने रूळ टाकतानाच बघायला हवी: उष्णतेने होणारा फुगवटा. रुळाचं पितळ दर अंशाला दहा लाखात सुमारे १९ भाग वाढतं. पहाटेचा गारवा आणि दुपारच्या उन्हात तापलेला रूळ यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे १० मीटरचा रूळ साडेसात मिलिमीटरच्या आसपास वाढणार आणि तुमचा अख्खा लूप २३. ही वाढ कुठेतरी जायला हवी. तिला जागा ठेवली नाही तर वळणावर रूळ बाहेर फुगतो, नाहीतर ती तुमच्या इन्सुलेटेड जोडांवर येऊन आदळते, म्हणजे दोन ब्लॉकची वीज वेगळी ठेवणाऱ्या जोडांवर (ब्लॉक म्हणजे एका वेळी एकच गाडी असावी असा रुळाचा भाग). माझ्याकडे दोन ब्लॉक फक्त दुपारीच एक होऊन बसायचे. सकाळी सगळं ठीक, संध्याकाळी सगळं ठीक, दुपारी दोन्ही सिग्नल लाल. महिनाभर प्रोग्राममधली चूक शोधत होतो. शेवटी वाकून पाहिलं तर जोडातला प्लास्टिकचा तुकडा चेपून रूळाला रूळ टेकला होता. तेव्हापासून इन्सुलेटेड जोड सरळ भागात घेतो, त्या दोन रुळांची टोकं पायाला पक्की धरतो आणि फुगायची फट दुसरीकडे, सरकत्या जोडात ठेवतो.

आता मूळ मुद्दा, गाडी कुठे आहे ते.

रुळातून वीज घेत असाल तर सोपं वाटतं. प्रत्येक ब्लॉकचा एक रूळ वेगळा तोडायचा आणि त्याची वीज करंट ओळखणाऱ्या छोट्या सर्किटमधून द्यायची. इंजिन आलं की करंट वाहतो, ब्लॉक व्यापला असं कळतं. घरातल्या लेआउटवर हे उत्तम चालतं. अडचण डब्यांची आहे. साधा डबा करंट घेत नाही, म्हणजे इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेलं की मागे उरलेले चार डबे सर्किटच्या लेखी अदृश्य. यावर उपाय म्हणजे धातूच्या चाकांच्या आसावर एक रेझिस्टर बसवणं, निदान शेवटच्या डब्याला तरी. घरात १० किलोओहम वापरतात. बागेत तो पुरत नाही, कारण ओली खडी, दव आणि दोन रुळांच्या मधे पडलेलं भिजलेलं पान स्वतःच काही मिलिअँपिअर गळवतात. मी २.२ किलोओहम लावतो. १८ व्होल्टला तो आठेक मिलिअँपिअर घेतो आणि पाव वॉटच्या रेझिस्टरला ते झेपतं. ओळखणाऱ्या सर्किटची मर्यादा ओल्या दिवशीची गळती मोजून तिच्या थोडी वर ठेवा. कोरड्या दिवशी जुळवलेलं सर्किट पहिल्या सरीबरोबर सगळे सिग्नल लाल करून बसेल.

बॅटरीवर चालवत असाल तर रूळ मोकळे आहेत, आणि इथे खऱ्या रेल्वेची युक्ती जशीच्या तशी करता येते. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेलं ट्रॅक सर्किट अगदी साधं आहे. ब्लॉकच्या एका टोकाला बॅटरी आणि रेझिस्टर, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटने ओढला जाणारा विजेचा खटका. रूळ रिकामे असताना करंट रुळांतून जाऊन रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल. यातली खरी हुशारी दुसरीकडे आहे. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ मोडला, तरीही रिले पडतोच. म्हणजे ‘गाडी नाही’ हे सर्किटला सतत सिद्ध करत राहावं लागतं. काहीच कळत नसेल तर गाडी आहे असंच धरलं जातं.

बागेत यासाठी तीन व्होल्ट पुरतात. अट एकच, चाकं धातूची हवीत आणि आस इन्सुलेटेड नको. वाफेच्या बऱ्याच इंजिनांचे आस इन्सुलेटेड नसतात. बाजारातल्या डब्यांची चाकं मात्र बहुधा प्लास्टिकची किंवा एका बाजूने इन्सुलेटेड असतात, ती बदलावी लागतात. आणि अशा रुळावर पाहुण्याचं रुळातून वीज घेणारं इंजिन चुकूनही ठेवू देऊ नका. त्याला हवी ती वीज रुळात सोडलीत तर तुमच्या रिलेंचं भजं होईल.

चाकं बदलायची नसतील तर चुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की आपोआप मिटणारा स्विच. काचेच्या नळीत बंद असल्यामुळे त्याला पाण्याची फारशी फिकीर नसते, दोन स्लीपरांच्या मधे तो दिसतही नाही. पण त्याची जात ओळखून वापरा. ट्रॅक सर्किट ‘गाडी इथे आहे’ असं सतत सांगतं. रीड स्विच फक्त ‘आत्ता इथून काहीतरी गेलं’ एवढंच एकदा सांगतो, बाकी सगळं मायक्रोकंट्रोलरने लक्षात ठेवायचं. वीज गेली की ही आठवण पुसली जाते. शिवाय एकच चुंबक जाताना तो दोन-तीन वेळा मिटू शकतो, म्हणून पहिल्या ठोक्यानंतरचा सेकंदभर बाकीचे ठोके सोडून द्यायचे.

माझी पहिली रीड स्विचवाली रचना इंजिनाखालच्या एकाच चुंबकावर होती. इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेलं की मागचा ब्लॉक मोकळा. एके दिवशी झुडपामागच्या वळणावर कपलिंग सुटलं, शेवटच्या दोन वाघिणी (मालडबे) तिथेच राहिल्या. इंजिन पुढे गेलं, मागचा सिग्नल इमानेइतबारे हिरवा झाला आणि दुसरी गाडी पूर्ण वेगात त्या वाघिणींवर गेली. एका डब्याची पायरी तुटली, एवढंच. पण त्या हिरव्या दिव्याने मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं.

खऱ्या रेल्वेत यासाठीच शेवटच्या डब्यामागे टेल लॅम्प किंवा फलक असतो. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘गाडी पूर्ण आली’ असं मागच्या स्टेशनला कळवत नाहीत. तुम्हीही तेच करा, चुंबकाने. इंजिनाखाली डाव्या बाजूला एक चुंबक, शेवटच्या डब्याखाली उजव्या बाजूला दुसरा. ब्लॉकच्या प्रत्येक सीमेवर डावा आणि उजवा असे दोन रीड स्विच. डावा वाजला की पुढचा ब्लॉक व्यापला, उजवा वाजला की मागचा मोकळा झाला. शेपूट मागे राहिली तर मागचा ब्लॉक लालच राहतो. दोन्ही दिशांना गाड्या चालवायच्या असतील तर हे गणित थोडं किचकट होतं. एकाच दिशेने फिरणाऱ्या लूपला ते पुरेपूर आहे.

चाकं मोजणारी यंत्रणाही करता येते. थोड्या अंतरावर दोन सेन्सर, आधी कुठला वाजला त्यावरून दिशा, आणि जितके आस आत गेले तितके बाहेर आले की ब्लॉक मोकळा. खऱ्या रेल्वेत ती सर्रास वापरतात. बागेत एखादा आस मोजायचा राहिला की ब्लॉक कायमचा लाल, मग हाताने शून्यावर आणा. मी ती मोठ्या हौसेने केली आणि वर्षभरात काढून टाकली. इन्फ्रारेड किरणांबद्दल तर एवढंच म्हणेन की ते उन्हाने फसतात, आणि ऊन टाळायला त्यांच्यावर छोटं छप्पर केलंत तर कोळ्याला तयार घर मिळतं. त्याचं जाळं किरणाला पुरेसं अडवतं. स्टेशनच्या शेडखाली एखादा लावायचा तर लावा.

इथवर तीनदा एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडाने आली आहे, म्हणून ती सरळ मांडतो. सिग्नल दोन प्रकारे चुकतो. रस्ता मोकळा असताना लाल दाखवतो, यात गाडीला उशीर होतो. किंवा गाडी पुढे असताना हिरवा दाखवतो, यात टक्कर होते. बिघाड टाळता येत नाही, पण तो पहिल्या प्रकारचाच होईल अशी रचना करता येते. सिग्नलचं शास्त्र बव्हंशी एवढंच आहे.

ते फार महागात शिकून झालेलं आहे. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे हिमवादळात सेमाफोरचे, म्हणजे खांबावरचा हात हलवून इशारा देणाऱ्या सिग्नलचे, हात ‘मोकळा’ दाखवत गोठले. त्या काळी सिग्नल एरवी मोकळाच ठेवायची पद्धत होती, गरज पडली तरच धोक्यावर आणायचे. सिग्नलमनने लिव्हर फिरवला, केबिनमध्ये सगळं बरोबर दिसलं, खांबावरचा हात मात्र बर्फाने जागचा हलला नाही. साइडिंगला घेतल्या जात असलेल्या कोळशाच्या गाडीवर एक्सप्रेस आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी दुसरी एक्सप्रेस. त्यानंतर रीत उलटली. सिग्नल एरवी धोक्यावर, गाडीपुरता मोकळा.

तुमच्या मायक्रोकंट्रोलरलाही हीच रीत लावा. चालू होताना सगळे सिग्नल लाल, आणि प्रत्येक ब्लॉक मोकळा आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघून बटण दाबेपर्यंत तो व्यापलेला धरायचा. वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळे कंट्रोलर असतील तर प्रत्येकाने शेजाऱ्याला दर अर्ध्या सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवायचा. दोन सेकंद निरोप आला नाही की समोरच्याने आपला सिग्नल लाल करायचा. आणि प्रोग्राम अडकला तर कंट्रोलरला स्वतःहून पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग विसरू नका. एवढं केलंत तर हो, सगळं आपोआप चालेल. फक्त विझलेला दिवा म्हणजे लाल, हे चालवणाऱ्यांनी पाळायला हवं. खऱ्या लोको पायलटलाही हाच नियम असतो.

आता किती सिग्नल. दोन गाड्या एकामागून एक फिरणार असतील तर निदान तीन ब्लॉक हवेत, नाहीतर कोणीच हलू शकत नाही. पण नुसतं हलणं आणि छान चालणं यात फरक आहे. पुढचा ब्लॉक व्यापलेला तर लाल, पुढचा मोकळा पण त्यापुढचा सिग्नल लाल तर पिवळा, दोन्ही मोकळे तर हिरवा, असे तीन रंग घेतलेत आणि लूपचे चार ब्लॉक केलेत तर काय होतं बघा. एक गाडी पहिल्यात, दुसरी तिसऱ्यात. पहिलीसमोर एकच ब्लॉक मोकळा, म्हणजे पिवळा. दुसरीलाही पिवळा. दोन्ही गाड्या जन्मभर पिवळ्यावर रांगत राहणार आणि हिरवा दिवा कधी लागलाच तर पाहणारं कोणी नसेल तिथे. गाडीमागे तीन ब्लॉक, म्हणजे दोन गाड्यांना सहा, असं धरलंत तर अंतर नीट राखणाऱ्या गाडीला हिरवा मिळतो. ३० मीटरचे सहा भाग म्हणजे पाच-पाच मीटर. तुमची सर्वांत लांब गाडी दीड-दोन मीटरची असेल तर हे जमतं. गाडी तीन मीटरची असेल तर दोन रंगांवर समाधान माना आणि चार ब्लॉक ठेवा.

प्रमाणात बसवायच्या फंदात मात्र पडू नका. अनेक रेल्वेंवर सिग्नल चुकून ओलांडला गेला तरी टक्कर होऊ नये म्हणून त्यापुढे १८० मीटर मोकळी जागा धरतात. १:२२.५ प्रमाणात ती आठ मीटर होते, तुमच्या लूपचा पाव भाग. मी बॅटरीच्या इंजिनांसाठी अर्धा मीटर धरतो, वाफेच्या इंजिनांसाठी एक. हा एक मीटर अनुभवाचा आहे. रेडिओ कंट्रोल नसलेलं वाफेचं इंजिन थांबवायला माणसाला बाजूने चालत जाऊन हात घालावा लागतो, तेवढ्यात ते तेवढं पुढे जातंच.

स्टेशनकडे वळू. गाड्या एकाच दिशेने फिरणार असतील तर आत येताना एक होम, बाहेर पडताना प्रत्येक लाइनीला एक स्टार्टर, असे तीन सिग्नल आणि दोन सांधे (गाडीला एका किंवा दुसऱ्या लाइनीवर वळवणारे हलते रूळ). दोन्ही दिशांनी चालवायचं तर दोन होम, चार स्टार्टर. इथे इंटरलॉकिंग आलं, आणि माझ्या मते या छंदातला सगळ्यात रुचकर भाग हाच आहे. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र हलवण्याचं पेटंट घेतलं, तिथून ही कल्पना वाढत गेली. केबिनमधले लिव्हर एकमेकांत असे अडकवायचे की चुकीचा लिव्हर ओढताच येणार नाही. माणसाला चूक करू नकोस असं सांगण्यापेक्षा त्याला चूक करताच येऊ द्यायची नाही.

हे कागदावर आधी करा. सगळे लिव्हर उभ्या ओळीत आणि आडव्या ओळीतही लिहा आणि प्रत्येक घरात विचारा, हा ओढलेला असताना तो हलू द्यायचा का? दोन नंबर लाइनीचा होम मोकळा करायचा तर सांधा दोन नंबरकडेच वळलेला हवा. तो होम मोकळा असेपर्यंत सांधा हलता कामा नये. समोरासमोरचे दोन होम एकाच लाइनीसाठी मोकळे होता कामा नयेत. गाडी सांध्यावर असताना सांधा हलूच नये. ही शेवटची अट लोक विसरतात, कारण ती लिव्हरच्या तक्त्यात दिसत नाही, ती गाडी ओळखण्याच्या सर्किटमधून यावी लागते. माझ्याकडे एकदा डब्याची पुढची चाकं एका लाइनीवर आणि मागची दुसऱ्या लाइनीवर गेली आहेत. डबा आडवा होऊन दोन्ही लाइनी अडवून बसला होता.

तक्ता झाला की प्रोग्राम लिहायला एक संध्याकाळ पुरते. तक्त्याशिवाय बसलात तर चार महिने ‘जर-तर’च्या जंगलात हिंडाल. हाताने काम करायची आवड असेल तर पितळी पट्ट्यांना खाचा पाडून खरंखुरं यांत्रिक इंटरलॉकिंग करा. लिव्हर अडला की हाताला जे कळतं ते स्क्रीनवरच्या संदेशाने कळत नाही.

तुमच्याकडे मित्र येऊन गाड्या चालवणार असतील आणि पुढेमागे लूपला जोडून एखादी एकेरी शाखा काढायची असेल, तर एकही दिवा न लावता खरी सिग्नलिंग करता येते: टोकन. एकेरी लाइनीच्या त्या भागासाठी एकच पितळी दांडा किंवा चेंडू. तो ज्याच्या हातात त्याचीच गाडी आत जाणार, दुसऱ्याने स्टेशनात वाट बघायची. गाडी चालतीच असताना वेताच्या कडीतून गोळा उचलणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी मुलांना बागेत हेच आधी शिकवतो. दहा मिनिटांत ती एकमेकांना ‘लाइन क्लिअर आहे का?’ असं ओरडून विचारायला लागतात. चमकणारे वीस दिवे आणि कोणी न पाळलेला नियम यांपेक्षा हा एक दांडा खऱ्या रेल्वेच्या जास्त जवळ आहे, असं माझं मत आहे.

आता कुठे खांब. आधी एका देशाची आणि एका काळाची पद्धत निवडा आणि तिलाच चिकटून राहा. सेमाफोरचा हात खाली झुकून मोकळा दाखवणारा असतो किंवा वर उचलून. वर उचलणारा नंतर आला आणि त्याचं कारण तुमच्या ओळखीचं आहे: तार तुटली तर तो स्वतःच्या वजनाने खाली, म्हणजे धोक्यावर येतो. खाली झुकणाऱ्याला त्यासाठी चष्म्याच्या, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत काचांच्या चौकटीच्या, बाजूचं वजन किंवा वेगळा प्रतिभार लागतो. मॉडेलमध्येही हाच विचार ठेवा. सर्व्होने (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणाऱ्या छोट्या मोटरने) हात धोक्याकडे ढकलू नका, सर्व्होने मोकळा करा आणि परत आणायचं काम स्प्रिंगला किंवा वजनाला द्या. सर्व्हो आणि हात यांच्यात ओढणारी तार असावी, ढकलणारी दांडी नको. वीज चालू होताना सर्व्हो एकदा दचकतो. त्या झटक्यात हात क्षणभर मोकळा दिसू नये म्हणून आधी कंट्रोलरकडून सर्व्होला इशारा पाठवून मगच त्याची वीज जोडा.

खऱ्या सेमाफोरचा हात साधारण सव्वा मीटर लांब आणि खांब सात-आठ मीटर उंच असतो. १:२२.५ मध्ये हात साडेपाच सेंटिमीटर, खांब ३० ते ३५. एवढी उंच नाजूक वस्तू बागेत उभी असणं म्हणजे मांजर, चेंडू आणि तुमचं स्वतःचं कोपर यांना आमंत्रण. खांब कायमचा रोवू नका. जमिनीत पितळी सॉकेट बसवा, खांब वरून खोचा, वायर प्लगने जोडा. दिवस संपला की खांब घरात. रंगही जास्त टिकतो.

रंगीत दिव्यांची अडचण वेगळी आहे. मावळतीला तोंड केलेल्या सिग्नलवर संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की रंगीत काचेचा विझलेला दिवाही पेटल्यासारखा दिसतो. म्हणून रंगीत नव्हे तर पारदर्शक काचेचे एलईडी घ्या, प्रत्येकाला आतून काळी केलेली नळी आणि वर टोपी द्या, मागे काळी पाटी लावा. १२ व्होल्टवर लाल एलईडीला ६८० ओहम लावलात तर १५ मिलिअँपिअर मिळतात. आजकालचा हिरवा एलईडी तेवढ्याच करंटला डोळे दिपवतो, त्याला दीड-दोन किलोओहम लावून बघा आणि तिन्ही रंग भर दुपारी, गाडी चालवता त्या जागेवरून जुळवा. टेबलावर जुळवलेले रंग बाहेर फसतात. झुडपं वाढतात हेही धरा. जिथून सिग्नल दिसायला हवा तिथे खाली बसून इंजिनाच्या उंचीवरून एकदा बघा.

वायरबद्दल शेवटचं, पण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतात. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध जाऊन-येऊन ६० मीटरला सुमारे दोन ओहम होतो. एलईडीला त्याचं काही नाही. सर्व्हो मात्र सुरुवातीच्या झटक्याला अँपिअरभर मागतो, म्हणजे वाटेतच दोन व्होल्ट गायब, आणि पाचातले दोन गेले की तो नुसता थरथरतो. म्हणून बागभर १२ व्होल्ट फिरवा आणि पाच व्होल्ट सिग्नलजवळच्या खोक्यात छोट्या कन्व्हर्टरने बनवा. सगळ्या वायरी पाइपातून, सगळे जोड जमिनीच्या वर, खोक्यात. खोक्यात वायर खालून शिरू द्या. पूर्ण हवाबंद करायचा अट्टहास नको, आत दव धरतंच. तळाला बारीक भोक ठेवा आणि त्यावर बारीक जाळी लावा, नाहीतर रिलेंमध्ये मुंग्या संसार थाटतात. आज लागतील त्याच्या दुप्पट वायरी आत्ताच ओढून ठेवा. रूळ आणि झाडं बसल्यावर पुन्हा खणायची कोणाची इच्छा नसते.

सगळं जोडून झालं की इंजिन काढून ठेवा. आसाला रेझिस्टर किंवा मागे शेपटीचा चुंबक असलेली एकच वाघीण घ्या. चुंबकाची पद्धत असेल तर इंजिनाचा चुंबक तुम्ही हातात धरून तिच्या पुढे चला. वाघीण हाताने ढकलत अख्ख्या लूपला एक फेरी मारा, प्रत्येक जोडावर, प्रत्येक सांध्यावर थांबा आणि वळून मागचा सिग्नल बघा. तो कुठेही, क्षणभर जरी, वाघीण पुढे असताना हिरवा झाला तर तिथे खडूने खूण करा. मग तीच फेरी पाऊस पडून गेल्यावर मारा. मग भर दुपारी. माझ्या पहिल्या फेरीत नऊ खुणा झाल्या होत्या, त्यातल्या चार फक्त ओल्या खडीवर.